तळ्याकाठच्या नोंदी: चतुर, टाचण्या आणि त्यांच्या काती

६ एप्रिल

आजपासून सुरुवात. तळ्याच्या काठाने २०० पावलांची पट्टी आखली, दर दहा पावलांवर थांबायचं, दोन मिनिटं बघायचं, मोजायचं आणि पुढे सरकायचं. वेळ सकाळी ११ ते दुपारी १. पक्षी बघणारी माणसं नेमकी याच वेळेपर्यंत दुर्बिणी गुंडाळून घरी गेलेली असतात, मी पण इतकी वर्षं तेच करत आले, पहाटे यायचं आणि नऊला परत. पण चतुरांचं, म्हणजे पोरं ज्यांना हेलिकॉप्टर म्हणतात त्या किड्यांचं, घड्याळ वेगळं आहे. सकाळच्या गारव्यात त्यांच्या पंखांचे स्नायू थंड असतात, मग ते गवताला चिकटून बसतात नाहीतर जागच्या जागी पंख थरथरवून अंग तापवतात, आणि ऊन चटके द्यायला लागलं की सगळं तळं एकदम सुरू होतं. आपण सावली शोधायला लागतो ती यांची कामाची वेळ.

पट्टीचे तीन भाग पडतात. पहिली ८० पावलं दगडी पिचिंग (काठाला बसवलेले दगड), मग साधारण ९० पावलं चिखल, पाणकणीस आणि लव्हाळा, आणि शेवटची ३० पावलं जिथे सांडपाण्याचा पाइप येऊन पडतो.

आजची मोजणी: स्कार्लेट स्किमरचे ९ नर, लालभडक, नजरेतून सुटतच नाहीत. ग्रीन मार्श हॉक ४, हा दुसऱ्या चतुरांनाही धरून खातो, आज एकाच्या तोंडात टाचणी (चतुराचा नाजूक भाऊबंद) होती. कॉमन क्लबटेल २, पिक्चर विंग ३. ग्रॅनाइट घोस्ट १, पण तो दगडावर बसला की दगडच होऊन जातो त्यामुळे आणखी असणार. पाइपच्या तोंडाशी डिच ज्युवेल इतके की ६० च्या पुढे मोजायची थांबले, घाण पाणी त्यांना चालतं. टाचण्यांना वेगळा रकाना केलाय. सोबत येणाऱ्यांसाठी साधी खूण: चतुर बसला की चारही पंख आडवे पसरलेले, टाचणी बहुतेक वेळा ते पाठीवर मिटून घेते, आणि तिचे डोळे डोक्याच्या दोन टोकांना लांब लांब असतात, चतुराचे बहुतेक वेळा मध्ये येऊन टेकलेले.

१३ एप्रिल

४० अंश. थर्मामीटर सावलीत टांगला होता तरी ४०. पाण्याजवळ गेलं की वाफ तोंडावर येते.

आज मोजणीपेक्षा एका स्कार्लेट स्किमरपाशीच जास्त वेळ गेला. पाणकणसाच्या टोकावर बसला होता आणि शेपूट सरळ वर, सूर्याच्या दिशेने रोखलेली, जणू डोक्यावर उभा राहतोय. अंगाचा कमीत कमी भाग उन्हाला सामोरा जावा म्हणून ही युक्ती. खाली पानावर त्याची सावली बघितली तर नेहमीची लांबडी सावली नाहीच, नुसता एक ठिपका. मी हळूच छत्री पुढे करून त्याच्यावर सावली धरली, मिनिटभराने शेपूट खाली आली, छत्री काढली, परत वर. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. मग त्याला सोडून दिलं, त्याचा तो तुकडा राखायचं काम चालू होतं आणि माझ्यामुळे दोनदा दुसरा नर आत घुसून गेला.

जे बसून शिकार करतात ते असं शेपूट उभारून उन्हाचं गणित सोडवतात, पण जे सारखे उडतच असतात त्यांना हे करता येत नाही, ते मध्ये मध्ये पंख न हलवता तरंगतात म्हणजे स्नायूंची उष्णता कमी होते, आणि काही मोठ्या जाती छातीतली उष्णता रक्तावाटे शेपटीकडे पाठवून तिथून बाहेर टाकतात.

बाकी तळ्यावर: वंचक बगळा पाइपच्या सावलीत चोच उघडी टाकून गळा फडफडवत उभा. टिटवीची जोडी पलीकडच्या उघड्या माळावर अंडी घेऊन बसलीय, तिथे सावलीचा पत्ता नाही. त्यातली एक पाण्यात आली, पोट बुडवून पिसं चांगली भिजवली, आणि तशीच निथळत चालत जाऊन अंड्यांवर बसली. पंधरा मिनिटांत दोन फेऱ्या. दुर्बिणीतून तिच्या पोटाखालचे थेंब दिसत होते. त्यानंतर मी घड्याळच बघितलं नाही, १ चे २ कधी झाले कळलं नाही.

२० एप्रिल

आज ताई सोबत होत्या (कीटकांचं काम त्या माझ्या कितीतरी आधीपासून करतायत). मी अभिमानाने शीट दाखवली, तीन फेऱ्यांत १५ जाती झाल्यात म्हणून. त्यांनी सगळी वाचली आणि विचारलं, "बरं, पण यातले इथले किती आणि पाहुणे किती?"

मला उत्तर देता आलं नाही. उडणारा चतुर दिसला म्हणजे तो या तळ्यात जन्मला असं होत नाही, तो दोन किलोमीटरवरूनही आला असेल, दोन हजार किलोमीटरवरूनही. ताईंनी मालदीवचं उदाहरण दिलं. तिथल्या बेटांवर गोड्या पाण्याचा साठा जवळजवळ नाहीच, तरी दर वर्षी ऑक्टोबरपासून वाँडरिंग ग्लायडर जातीचे चतुर हजारोंनी उतरतात. तिथे राहणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी वर्षानुवर्षं त्यांच्या येण्याच्या तारखा लिहून ठेवल्या, आणि २००९ मध्ये मांडलं की हे चतुर भारताकडून निघून हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातात. सुरुवात एवढ्याच प्रश्नाने झाली की इथे पाणीच नाही तर हे आले कुठून.

"मग इथले कोण ते कसं ठरवायचं?" मी विचारलं.

"कात शोध. कात उडून येत नाही."

चतुराचं आयुष्य बहुतेक पाण्याखालीच जातं. अंड्यातून निघालेलं निम्फ पाण्यात वाढतं, पुन्हा पुन्हा कात टाकतं, आणि शेवटची कात टाकायला पाण्याबाहेर चढतं, चतुर उडून जातो आणि रिकामं कवच तिथेच पात्याला पकडून राहतं. ते सापडलं म्हणजे तो इथेच वाढला, वाद नाही. इतके दिवस मी डोकं वर करून मोजत होते, आज पहिल्यांदा गुडघ्यावर बसून पाण्याच्या कडेची पाती एकेक करून बघितली. ३ काती मिळाल्या, तिन्ही पाणकणसावर, पाण्यापासून वीत-दीड वीत उंचीवर. इतक्या फेऱ्या मारल्या तेव्हा या तिथेच असणार, मी बघितल्याच नव्हत्या.

प्रकल्प बदलला. उडणारे मोजायचेच, पण खरी मोजणी कातींची. मोजलेली कात काढून डबीत ठेवायची म्हणजे पुढच्या वेळी परत मोजली जाणार नाही.

२३ एप्रिल

संध्याकाळी घरी तिन्ही काती भिंगाखाली बघितल्या. पाठीवर चीर, आणि चिरेतून बाहेर आलेले पांढरे बारीक दोरे, मला वाटलं बुरशी, पण ती श्वासनलिकांची आतली अस्तरं, कात टाकताना तीही ओढून बाहेर येतात. खालचा ओठ चेहऱ्यावर घडी घालून ठेवलेला असतो, निम्फ जिवंत असताना तो डोळ्याचं पातं लवायच्या आत पुढे फेकून शिकार धरतं, डासांच्या अळ्या, बेडकांची पिल्लं, बारीक मासे, जे समोर येईल ते. स्किमरच्या घराण्यात हा ओठ चमच्यासारखा खोलगट, क्लबटेलमध्ये सपाट. माझ्या तिन्ही चमचेवाल्या. टाचणीची कात ओळखायला त्याहून सोपी, शेवटाला तीन चपटे कल्ले असतात पानांसारखे. चतुराच्या निम्फला बाहेर कल्ले नसतात, ते आत गुदाशयात असतात, पाणी आत घ्यायचं आणि घाई असेल तर जोरात मागे फेकून पुढे सुटायचं.

२७ एप्रिल

काती १७. एकदम १७, कारण आता कुठे बघायचं ते डोळ्यांना कळलंय.

दुपारी १२ च्या पुढे सगळीकडे जोड्या. नर शेपटीच्या टोकाने मादीची मान पकडतो, मादी आपली शेपूट वळवून त्याच्या छातीमागच्या भागाला जोडते, बदामाचा आकार होतो. त्यानंतर बऱ्याच जातींत नर तिला सोडतच नाही किंवा डोक्यावर घिरट्या घालत पहारा देतो. कारण जोनाथन वागे यांनी १९७९ मध्ये टाचण्यांवर काम करून दाखवलं होतं, नर मादीशी जुळताना आधीच्या नराचं वीर्य खरवडून बाहेर काढतो. म्हणजे अंडी घालून होईपर्यंत नजर हटली की सगळं पाण्यात. हे वाचलेलं असलं तरी समोर बघताना वेगळंच कळतं, एक नर २० मिनिटांत सात जणांना पळवून लावताना बघितला मी, आणि ती खाली पाण्यात शेपूट टेकवतेय, टेकवतेय, टेकवतेय.

परत येताना जे बघितलं त्याने फार वाईट वाटलं. तळ्याबाहेर लाल रंगाची गाडी उन्हात उभी होती, धुतलेली, चकचकीत. तिच्या बॉनेटवर एक मादी अगदी तशीच शेपूट टेकवत होती जशी पाण्यावर टेकवतात. पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश आडव्या दिशेने ध्रुवीकृत असतो, चतुरांना तो दिसतो आणि पाणी ओळखायची त्यांची मुख्य खूण तीच. पण चकचकीत गडद किंवा लाल पत्र्यावरूनही तसाच प्रकाश येतो, सोलर पॅनेलवरूनही. म्हणजे तिला जे दिसत होतं ते पाणीच होतं. बॉनेटला हात लावला तर चटका बसला. मी ओढणी काढून बॉनेटवर टाकली तेव्हा ती दोन घिरट्या मारून गेली. पत्र्यावर बारीक पिवळसर ठिपके राहिले होते.

४ मे

पाणकणीस कापलंय. ९० पावलांतली साधारण ७० पावलं पार बुडापासून साफ, कापलेला ढीग काठावर उन्हात. उन्हाळी स्वच्छता म्हणे. मला माहीत असतं तर आधीच बोलले असते.

ढिगात हात घालून शोधत बसले. एक ताजा चतुर सापडला, अर्धा कातीतून बाहेर आलेला आणि तसाच वाळलेला, पंख ओल्या कागदाच्या बोळ्यासारखे, फुललेच नाहीत. मुंग्या लागल्या होत्या. पातं कापलं तेव्हा त्याची वेळ चालू असणार.

उरलेल्या २० पावलांच्या झुडपात काती ६. कापलेल्या भागात शून्य. उडणारे मात्र जवळपास तेवढेच दिसले, फक्त वरून मोजत राहिले असते तर शीटमध्ये हे काहीच आलं नसतं.

६ मे

कापायचं काम बघणाऱ्या दादांना भेटले. भांडायचं नाही असं ठरवून गेले होते. ते म्हणाले, "मॅडम, गवतात डास होतात, साप निघतात, लोक रोज तक्रारी करतात, आम्हाला सांगितलं तसं आम्ही केलं." त्यांचं काही खोटं नव्हतं. मी डबी उघडून काती दाखवल्या, हे जनावर पाण्यात असतं तेव्हा डासांच्या अळ्या खातं आणि बाहेर आलं की उडते डास खातं, आणि याला बाहेर पडायला हेच गवत लागतं. सापाचं म्हणाल तर इथे मी बघितलेली पाणदिवड, बिनविषारी, फार डिवचलं तर चावेल पण धोका नाही. त्यांनी एक कात हातावर घेतली, बराच वेळ फिरवून बघितली. "हे हेलिकॉप्टरचं का?" हो, हेलिकॉप्टरचं. मग म्हणाले, उरलेलं झुडूप पाऊस पडेपर्यंत राहू देतो, पण खूण करा, नाहीतर पोरं कापतील. त्याच संध्याकाळी लाल रिबीन बांधून आले.

११ मे

रात्री २ पासून रिबिनीपाशी. टॉर्चवर लाल जिलेटीन लावलं होतं. ताईपण आल्या, घडीचं स्टूल घेऊन.

२:५० ला एक निम्फ पात्यावर चढताना दिसलं, चिखलाने माखलेलं, दीड वीत वर येऊन थांबलं, अंग दोन्ही बाजूंना झटकून पकड पक्की आहे का बघितली. मग अर्धा तास काहीच नाही. ३:२० ला पाठीवर चीर पडली आणि आतून फिकट हिरवट पाठ फुगून वर आली, मग डोकं, डोळे कवचापेक्षा मोठे वाटत होते, मग पाय, आणि मग तो मागे कलंडला तो थेट डोकं खाली, शेपटीच्या टोकावर लटकलेला. मला वाटलं पडला. "थांब, पाय वाळतायत," ताई कुजबुजल्या. अर्धा तास तसाच लटकून. आणि एकदम पोटातून उसळी मारून वर आला, आपल्याच रिकाम्या कातीचं डोकं सहा पायांनी धरलं आणि शेपूट ओढून बाहेर. मी नकळत ताईंचा दंड धरला होता.

त्यानंतर पंख. सुरुवातीला चुरगळलेले गठ्ठे, त्यांच्यात रक्त भरत जातं तसे ते लांब होत जातात, दुधी, एकमेकांना चिकटलेले. साडेचारला पूर्ण लांबी झाली. मग पंखातलं पाणी परत अंगात जातं, शेपूट लांब होते, टोकातून थेंब थेंब गळतो. दूधीपणा जाऊन काच झाली. तोवर चारही पंख पाठीवर मिटलेले होते, टाचणीसारखे, आणि ५:३५ ला एका झटक्यात उघडून आडवे झाले, त्यानंतर आयुष्यात परत तसे मिटायचे नाहीत. ५:५० ला उडाला, कसाबसा, चकाकत, झाडाच्या दिशेने.

त्या झुडपात काल रात्रीपासून आजपर्यंत नऊ बाहेर आले. एकाला मुंग्यांनी अर्ध्यावर गाठलं, एकाचे पंख ओले असताना वाऱ्याने शेजारच्या पात्याला चिकटले. सात उडाले, त्यातला एक दयाळाने आमच्या डोळ्यांदेखत टिपला. काती आजच्या एकूण १४, आधीच्या रात्रींच्या धरून.

१८ मे

पाणी हातभर मागे सरकलंय. चिखलाला भेगा. काती २२, पाणी आटतंय तशी बाहेर पडायची घाई दिसतेय असं मला वाटतं, पण एका उन्हाळ्यावरून छातीठोक सांगणार नाही.

कमी पाण्यात मासे अडकलेत त्यामुळे बगळे ओळीने उभे. खंड्या पाइपवर. पाणदिवड डोकं तेवढं वर काढून. वेडा राघू तारेवर बसून चतुर पकडतोय, तारेवर दोन-चारदा आपटतो, पंख झडून खाली येतात, तारेखालच्या मातीत काचेसारखे पंखच पंख. मी गोळा केले, बहुतेक डिच ज्युवेलचे, केशरी छटा असलेले.

२५ मे

आज ९ काती. एकूण ७१. त्यातल्या ६४ पाणकणीस आणि लव्हाळ्यावर, ५ दगडी पिचिंगवर, २ पाइपपाशी. पाइपपाशी २ यावर माझा पूर्ण विश्वास नाही, तिथे पाण्याच्या झोताने काती वाहून जात असणार. टाचण्यांच्या पण कमी मोजल्या गेल्यात, त्या इतक्या नाजूक असतात की वाऱ्याने सुटतात.

उडताना बघितलेल्या जाती १९. कात मिळालेल्या ७. पिक्चर विंगची एकही नाही, रोज दिसत होते तरी. ताईंना फोनवर सांगितलं, त्या म्हणाल्या, "आता तुझ्याकडे यादी आहे."

पूर्ण शीट त्या दादांनाही दाखवणार आहे, भागांप्रमाणे रंग करून. ६४ चा आकडा मोठ्या अक्षरात.

१ जून

काल रात्री वळीव झोडपून गेला. तळ्यात फार भर पडली नाही पण माळावर टिटवीच्या जागेजवळ खोलगट भागात डबकं साठलंय, बैलगाडी बसेल एवढं रुंद. टिटवीची तीन पिल्लं त्याच्या कडेने पळतायत.

आणि ग्लायडर आलेत. दुपारी १२ ला मान वर केली तर सगळं आकाश त्यांचंच, पन्नास-साठ तरी, थांबतच नाहीत, पंख ताणून तरंगतायत. या पट्टीत आजपर्यंत एकही नव्हता. पावसाच्या ढगांबरोबर येतात आणि पावसाने भरलेल्या तात्पुरत्या पाण्यातच अंडी घालतात, मासे नसतात म्हणून. त्यांची पिल्लं वाढतातही झपाट्याने, उबदार पाण्यात निम्फची सगळी वाढ ३८ दिवसांतही होते, डबकं आटायच्या आत.

१२:४० ला एक जोडी खाली आली, एकमेकांना धरलेली, आणि डबक्यावर शेपूट टेकवत गेली, अकरा वेळा मोजली. अंडी फुटायचे दिवस धरून सहा आठवडे होतात. डबक्याच्या कडेला चार काटक्या रोवून आले, चढायला काहीतरी हवं. १३ जुलै वहीत लिहून ठेवलीय, तोवर डबक्यात पाणी राहिलं तर टॉर्च घेऊन जायचं.